आमवात आणि थायरॉईड असताना दूध-दही-तूप पूर्ण सोडायचंय, कसं जमवावं?

मांजराकाठची

नमस्कार सगळ्यांना. मी औसा तालुक्यातली, वय ४४. मला आमवात आहे, डॉक्टर रुमॅटॉइड म्हणतात तो, आणि थायरॉईड त्याच्याही आधीपासून. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, दुसऱ्या दिवशी फोलिक ॲसिड, रोज उठल्याउठल्या उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, आणि दुखणं जास्त उठलं की थोडे दिवस स्टेरॉइड. लातूरला दाखवते, डॉक्टर चांगले आहेत पण गर्दी एवढी की खाण्यापिण्याचं विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असतो, म्हणून इथं विचारते.

मला व्हेगन व्हायचंय. आमचं घर माळकरी, अंडी-मटण नाहीच, त्यामुळं सोडायचं म्हणजे दूध, दही, ताक, तूप, लोणी आणि मध.

आमच्याकडं दोन म्हशी आहेत. पूर्वी धार मीच काढायचे. आता सकाळी बोटं उघडतच नाहीत, तास दीड तास मुठी तशाच आवळलेल्या राहतात, कोमट पाण्यात धरल्या की हळूहळू सुटतात, म्हणून धार जाऊबाई काढतात आणि मी रेडकू धरून उभी राहते. वगार झाली तर घरात सगळे खूश, रेडा झाला की पान्हा फुटण्यापुरतं त्याला लावायचं आणि लगेच ओढून बांधायचं, पुढं तो किती दिवस टिकतो ते ज्याच्या दारात म्हैस आहे त्याला सांगायला नको. त्याला ओढणारे हात माझे असतात. ते दूध आता माझ्या घशाखाली उतरत नाही, खरंच सांगते.

दुसरं म्हणजे भाच्यानं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक बाई सांगतात की दूध सोडलं आणि आमवाताच्या सगळ्या गोळ्या सुटल्या. असं होतं का हो खरंच? मेथोट्रेक्सेटनं मला दुसऱ्या दिवशी मळमळ होते, सुटली तर मला पाहिजेच आहे.

सासूबाई म्हणतात तुझी हाडं आधीच ठिसूळ, दुधावर तरली आहेस. मालक म्हणतात कर तुला पटतंय तर पण अशक्तपणा आला तर शेत कोण बघणार. मला विचारायचंय ते असं की दुधाबिगर ताकद कुठून आणायची, सोयाबीन थायरॉईडवाल्यांनी खावं का नाही (आमच्या रानात दुसरं आहेच काय), आणि सणवाराला, महालक्ष्म्यांना, येळवसला (वेळ अमावास्येला) काय करायचं? आजारी असून कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.

बालाघाट_बीड

ताई रागावू नका, पण मला हे पटत नाही. माझ्या आईला पण हाच आजार आहे, एक वाटी ताजं ताक आणि भाकरीवर चमचाभर तूप एवढंच तिच्या पोटात धड जातं. आमवातात माणूस आधीच वाळतं, वजन उतरतं. रेड्याचं तुम्ही लिहिलं ते वाचून वाईट वाटलं, ते खोटं नाही, पण तुम्ही आधी स्वतःला बघा. निदान ताक तरी ठेवा.

परभणीकर_काका

ताई, मला शुगर आहे, बरीच वर्षं झाली, मेटफॉर्मिन चालू आहे. आणि मी दूधदुभतं पूर्ण सोडलेला माणूस आहे, रिटायर झाल्यावर सोडलं. त्यामुळं अनुभवाचं सांगतो.

माझं बी-१२ कमी निघालं ते दूध सोडल्यावर नाही, त्याच्या आधी. दोन वेळचा दुधाचा चहा, रोज दही, सगळं चालू असताना. तळपायाला मुंग्या यायच्या, चप्पल पायातून कधी निसटली तेच कळायचं नाही, फरशीवर चाललो तरी गादीवर चालल्यासारखं वाटायचं. जो तो म्हणायचा शुगरवाल्यांना असंच होतं, नसा जातात. मग एका डॉक्टरांनी बी-१२ तपासायला लावलं तर ते तळाला. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ शरीरात नीट शोषलं जात नाही, हे तेव्हा कळलं. इंजेक्शनं घेतली, मग गोळी सुरू झाली ती अजून चालू आहे, मुंग्या बऱ्याच कमी झाल्या.

हे एवढ्यासाठी सांगतो की दूध पितोय म्हणजे बी-१२ आहे असं धरून चालू नका आणि सोडायच्या आधी तपासून घ्या. झाडपाल्यात बी-१२ नसतंच. ते जिवाणू तयार करतात, जनावरांच्या पोटात, तिथून दुधात-मांसात येतं. कुणी सांगेल मातीतली भाजी न धुता खा, कुणी स्पिरुलिनाची पावडर विकेल. स्पिरुलिनात जे असतं ते बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला न लागणारं असतं. गोळीच घ्यायची. माणसाला दिवसाला लागतं अवघं दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण गोळीतलं थोडंच अंगी लागतं म्हणून गोळी मोठ्या डोसची असते, ते डॉक्टर ठरवतात.

आता खाण्याचं. तुम्ही औश्याच्या, मी परभणीचा, आपलं जेवण मुळातच दुधावर उभं नाही हो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, येसराची आमटी, पिठलं, हुलग्याचे शेंगोळे, जवसाची चटणी, कारळाची चटणी, शेंगदाण्याचा कूट, अंबाडीची भाजी, सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला. यात दूध कुठं आहे? तूप वरून घेतो तेवढंच. मी तुपाच्या जागी भाकरीवर करडईचं कच्चं तेल आणि जवसाची चटणी घेतो, तेल आपल्याच भागातल्या करडईचं, घाण्याचं. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ साली परभणी शक्ती म्हणून ज्वारीचा वाण आणला, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे, खरिपाचा आहे, बी मिळालं तर घरापुरतं लावा. तुमच्यासारख्या रक्त कमी असणाऱ्या बायकांसाठी चांगलं. (तुमचं रक्त कमी आहे का ते तुम्ही लिहिलं नाही, पण या आजारात बहुतेक असतं.)

एक जपून. मला दूध-साखरेचा चहा आणि गोड सुटल्यावर साखर खाली यायला लागली, एकदा दुपारी दरदरून घाम फुटला. मला मेटफॉर्मिनबरोबर दुसरी पण शुगरची गोळी होती, ती डॉक्टरांनी मग कमी केली. इन्सुलिनवाल्यांनी तर खाणं बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगावंच सांगावं.

आहारवाली_संभाजीनगर

मी आहारतज्ज्ञ आहे, आमवाताचे बरेच पेशंट बघते. मांजराकाठच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले कारण त्या व्हिडिओचं मला आधी बोलायचंय.

आहारानं आमवातात फरक पडतो का? काही जणांना पडतो. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात नॉर्वेचा एक अभ्यास आला होता, ५३ पेशंटांचा, त्यात एका गटाला आधी सात ते दहा दिवसांचा उपवास, मग साडेतीन महिने गव्हाबिगर व्हेगन जेवण आणि मग वर्ष पूर्ण होईपर्यंत दूध असलेलं शाकाहारी जेवण दिलं. त्यांची सूज, दुखणं, सकाळचा ताठरपणा दुसऱ्या गटापेक्षा कमी झाला. पण माणसं थोडी, आणि त्या गटातही सगळ्यांनाच गुण आला असं नाही. यावरून 'दूध सोडा, गोळ्या सोडा' म्हणणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे. आमवातात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटलेली असते, मेथोट्रेक्सेट तिला आवरतं. ते मनानं बंद केलं तर वरून दुखणं सहन होईल एवढंच राहतं पण आत सांधा झिजत राहतो, बोटं वाकडी होतात आणि वाकडी झालेली बोटं नंतर कोणत्याही आहारानं सरळ होत नाहीत. मी असे हात बघितलेत. दूध तुम्ही खुशाल सोडा, गोळी सोडू नका. मळमळीसाठी डॉक्टर गोळीची वेळ बदलतात, फोलिक ॲसिड वाढवतात किंवा इंजेक्शनवर नेतात, उपाय आहेत, विचारा.

आता तुमच्या बाबतीतली खास गोष्ट, काकांनी बी-१२ चं सांगितलं त्याच्या पुढची. तुम्ही फोलिक ॲसिड घेता. बी-१२ कमी असेल तर एरवी रक्ताच्या तपासणीत लाल पेशी मोठ्या दिसतात, हिमोग्लोबिन उतरतं आणि शंका येते. फोलिक ॲसिड चालू असलं की रक्त वरून ठीक दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. म्हणून नुसतं सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका, बी-१२ वेगळं मोजून घ्या. मेथोट्रेक्सेटमुळं तुमचं सीबीसी आणि लिव्हरची तपासणी अधूनमधून होतच असेल, त्याच वेळी बी-१२, व्हिटॅमिन डी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पण करून घेतलं की सुई एकदाच. आणि फोलिक ॲसिड बंद करू नका, ते मेथोट्रेक्सेटसाठी लागतंच.

सासूबाईंचं हाडांबद्दलचं बोलणं मी उडवून लावणार नाही. स्टेरॉइड घेणाऱ्या बाईची हाडं खरंच विरळ होतात, त्यात पाळी जायचं वय जवळ आलंय. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आपली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, म्हशीचं दूध बंद झालं की त्यातला मोठा हिस्सा एकदम जातो. तो भरायचा तर नाचणी घ्या, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं, आपल्याकडं पिकत नाही पण किराणा दुकानात मिळते, आठवड्यात तीन-चारदा ज्वारीत मिसळून भाकरी किंवा सकाळी आंबील. तीळ न सोललेले घ्या, कॅल्शियम टरफलात असतं, पांढरेशुभ्र सोललेले तीळ दिसायलाच छान. शेवग्याचा पाला, राजगिरा, तांदुळजा. पालकात कॅल्शियम आहे पण त्यातल्या ऑक्झलेटमुळं अंगी फार कमी लागतं, त्यामुळं पालकावर विसंबू नका. एवढं करूनही तुमच्या बाबतीत डॉक्टर कॅल्शियमची गोळी देतील असं मला वाटतं, आणि ती घ्यावी.

पण ती थायरॉईडच्या गोळीबरोबर नाही! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, मग अर्धा-पाऊण तास काही नाही, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान चार तासांनी. बायका सकाळी सगळ्या गोळ्या एका मुठीत घेतात आणि मग टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) का वाढला म्हणून विचारतात.

सोयाबीन खा. सोयानं थायरॉईडची गोळी शोषली जायला अडथळा येतो एवढंच आहे, म्हणून सकाळी नको, दुपारी किंवा रात्रीच्या जेवणात घ्या, आणि नव्यानं नियमित खायला लागलात तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच बघा, लागलं तर डॉक्टर डोस थोडा वाढवतात. लातूरला सोयाबीनचा एवढा मोठा बाजार, गाड्यांच्या रांगा लागतात, आणि आपल्या कुणाच्या स्वयंपाकघरात त्याचा एक दाणा शिजत नाही याची मला फार हळहळ वाटते. सोयाबीन कच्चं किंवा अर्धवट भाजलेलं खायचं नाही, पोट बिघडतं, त्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात जे नीट उकळल्यावर जातात. रात्रभर भिजवून, चोळून सालं काढून, कुकरला चांगल्या शिट्ट्या देऊन मग उसळ करा.

वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं हा निरोगी माणसाचा हिशोब, म्हणजे ५० किलोच्या बाईला ४० ग्रॅमच्या वर. सूज असताना थोडं जास्तच लागतं. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम, शेंगदाण्यात २४-२५, सोया वडीत ५० च्या आसपास. पण आपल्याकडं वरण एवढं पातळ करतात की वाटीभर वरणात डाळ दोन चमचे येते, तिथं बायकांच्या ताटात काही उरतच नाही. तुमचं वरण घट्ट करा आणि सगळ्यांना वाढून झाल्यावर खाली राहिलेलं पाणी स्वतःला घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. जेवणावर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासभर तरी नको, लोह अंगी लागत नाही.

बीडच्या दादांच्या आईचं वजन उतरत असेल तर त्यांनी ताक-तूप चालू ठेवावं, त्यांना माझंही तेच सांगणं आहे.

मांजराकाठची

तुम्हा सगळ्यांचे लई उपकार. आहारवाली ताई, फोलिक ॲसिडचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि मुठीत सगळ्या गोळ्या घेण्याचं लिहिलं तुम्ही, माझ्या जाऊबाई तश्शाच घेतात, त्यांना वाचून दाखवलं. मेथोट्रेक्सेट मी बंद करणार नाही.

अजून एक विचारते. डॉक्टरांनी मागं व्हिटॅमिन डी च्या कॅप्सूल दिल्या होत्या, भाचा म्हणतो त्याचं वेष्टन जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. मग त्या घ्यायच्या का नाही?

आहारवाली_संभाजीनगर

बरोबर आहे भाच्याचं, मऊ कॅप्सूल बहुतेक जिलेटिनची असते, आणि डी-३ सुद्धा बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. कितीतरी साध्या गोळ्यांमध्ये दुधातलं लॅक्टोज पण असतं. वनस्पतीपासूनचं डी मिळतं, मेडिकलवाल्याला विचारून बघा. नाही मिळालं तर आहे ते घ्या. इंग्लंडची व्हेगन सोसायटी, जिथं १९४४ साली हा शब्दच जन्माला आला, त्यांच्या व्याख्येत सुद्धा 'जितकं शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असंच आहे. औषधाच्या बाबतीतही नेम पाळायचा म्हणून कुणी स्वतःला त्रास करून घेऊ नये.

गोदाकाठ_नांदेड

वाचणाऱ्यांमध्ये कुणी किडनीवाले असतील तर थांबा, वरचं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू नाही. माझे वडील किडनीचे पेशंट आहेत. कुणीतरी सांगितलं नॅचरल खा, म्हणून एका नातेवाइकानं त्यांना रोज नारळपाणी, पालेभाजीचा रस आणि कमी सोडियमचं मीठ सुरू केलं. त्या मिठात पोटॅशियम असतं! पोटॅशियम एवढं चढलं की रात्रीतून ॲडमिट करावं लागलं, हृदयाचे ठोके अनियमित झाले होते. किडनी अधू असली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, केळी, टोमॅटो, नारळपाणी, सुकामेवा सगळं मोजून. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून देतो आम्ही. डाळी पण किती खायच्या ते डायलिसिस चालू आहे का नाही त्यावर असतं, डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी, चालू झाल्यावर जास्त. वनस्पतीचं जेवण किडनीला वाईट नाही, आमचेच डॉक्टर म्हणाले डाळीतला फॉस्फरस दुधा-मांसातल्यापेक्षा कमी शोषला जातो, पण रिपोर्ट बघून ताट ठरतं.

ताई, तुम्ही दुखण्याच्या गोळ्या वरचेवर घेत असाल तर तुमचं पण क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून घ्या.

सीमेवरची_उमरगा

अगं माय, दुधाबिगर येळवस कशी म्हणून काय काळजी करूलालीस, म्हणून लिहायला बसले. येळवसच्या भज्जीत दूध असतंय का? तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात, चिंचेचं पाणी आणि वरून बेसन लावायचं. उंडे ज्वारी-बाजरीचे. शेंगदाण्याची पोळी तर तेलावर भाजली तरी चालती. राहिली आंबील, ती ताकातली करतेत सगळे, तू आपली ज्वारीचं पीठ रात्री पाण्यात आंबवून सकाळी शिजव, लसूण-जिरं वाटून घाल, आंबटपणा पिठाचाच येतो. तुझ्यापुरतं गाडगं वेगळं ठेव. महालक्ष्म्यांना पोळीबरोबर गुळवणी आणि कटाची आमटी घे. नैवेद्यावर सासूबाई तूप वाढतील तर वाढू दे बाई, तो देवीचा आहे, त्यावरून घरात तोंडाला तोंड नको.

आणि दूधच पाहिजे वाटलं तर करडईचं काढ. आमच्या सीमेकडं, तिकडं कानडी मुलखात पण, गव्हाची खीर ह्या दुधात करतेत, माझी आजी करायची. वाटीभर करडई निवडून धुऊन रात्री भिजू घालायची. सकाळी पाट्यावर, आता मिक्सरला, थोडं थोडं पाणी घालून वाटायची आणि पांढऱ्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून पिळायची. पहिलं दूध दाट निघतंय, चोथा परत वाटून दुसऱ्यांदा पातळ निघतंय. पिळायचं काम तू करू नकोस, तुझ्या बोटांना झेपायचं नाही, मालकाला नाहीतर लेकाला लाव. सडलेला, म्हणजे कांडून साल काढलेला गहू मऊ शिजवून गूळ घालायचा आणि दूध सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, ढवळत. मोठी उकळी आणली की चोथापाणी वेगळं होतंय.

मांजराकाठची

आक्का, करडई आमच्याच घरात कोठीत पडून आहे, पाखरांना घालत होतो! मालकांना पिळायला लावते.

बुधवारी लातूरला जाऊलाले, बी-१२, डी, फेरिटिन, टीएसएच आणि क्रिएटिनिन पाचही नावं कागदावर लिहून घेतली, तो कागदच डॉक्टरांपुढं ठेवते म्हणजे बोलायला वेळ लागायचा नाही. ताक-तूप तोवर आहे तसं, रिपोर्ट आले की सोडते, बी-१२ ची गोळी चालू करूनच. आणि रेडकू धरायचं काम मी आज मालकांना सांगून दुसऱ्याकडं दिलं. चहाचं तेवढं सांगा कुणी, करडईचं दूध चहात चालतं का?

सीमेवरची_उमरगा

चहाला नको, उग्र वास येतो, मला तरी आवडला नाही. कोरा करून बघ, गवती चहा आणि आलं ठेचून घाल, गूळ खाली उतरवल्यावर टाक. आणि तुझ्या थायरॉईडच्या गोळीनंतर पाऊण तास जाऊ दे, मगच.